कोडीवरचा एक

कलिन्याला बॅग काउंटरवर, टोकन सदतीस.
आत पेन चालत नाही, फक्त शिसपेन्सिल.
शोधगंगेत तीन रात्री बुड्या मारल्या,
हाती लागली ती कुणाच्या तरी प्रबंधातली एक तळटीप:
राऊळ, १९७१, पृ. १४३.
त्यापुढे वाट नाही.

फर्टाडोबाई चष्मा कपाळावर सरकवत म्हणाल्या,
राऊळ नाय गावायची. तुमची राऊळ सासरी गेली असणार.
आणि लाकडी खणातून एक कार्ड वर केलं,
कडा बोटांनी काळवंडलेल्या:
टिपणीस, सौ. मृणाल दि.
पाहा: राऊळ, कु. इंदुमती ज.
पाहायला गेलो, तर राऊळचं कार्ड खणात नव्हतं.

दीड वाजता घोगळे तळघरातून आला
प्रबंधावर फुंकर मारत, चहावरची साय सारावी तशी.
हिरवं रेक्झिन. कण्यावरच्या सोनेरी अक्षरांतून
‘मासळी’ एवढंच उरलेलं.
कार्बनची तिसरी प्रत.
टाइपरायटरला ‘ऋ’ नसावा,
प्रत्येक ‘ऋ’ निळ्या शाईने हाताने घातलेला,
ऋणनिर्देशातला पहिला जरा थरथरलेला.
मागच्या चिठ्ठीवर एकही तारीख नाही.
मग त्या तळटीपवाल्याने वाचला कुठे?
असो.

पान एकशे त्रेचाळीस.
‘कोडी म्हणजे वीस. बांगडा असो वा बोंबील,
वेसाव्यापासून ससून डॉकपर्यंत कोडी विसाचीच.’
उतरवून घेतलं, विरामचिन्हांसकट.

सूची करायला बसलो आणि अडलो.
आडनाव आधी, असा नियम. कोणतं?
पहिल्या पानावर एक, कार्डावर दुसरं.
प्रबंध मार्चमध्ये दिला, तोंडी परीक्षा ऑगस्टात,
मधल्या मे महिन्यात कुणीतरी
ताटातल्या तांदळांत अंगठीने नवं नाव काढलं.
त्या तांदळांचा पुढे भातही झाला असेल.
त्याचा संदर्भ कसा देतात?
मार्गदर्शक म्हणाले, काहीही दे रे, कोण बघतंय.

मालाड, मामलेदारवाडी. दुसरा मजला, लिफ्ट बंद.
बाई ऐंशीच्या. दार साखळीपुरतं उघडून
आधी विचारलं, पान कितवं?
एकशे त्रेचाळीस, म्हटलं.
साखळी निघाली.

ते चुकलंय, म्हणाल्या,
मी बसायच्या आतच.
हिराबाईने वीस मोजले, मी वीस लिहिले, वही मिटली.
उठताना पाहिलं तर तिने पाटीत वर एक टाकला.
हा कुठला, म्हटलं, तर हसली:
यो मोजाचा नाय गो, यो द्याचा.
तोवर ते प्रकरण टाइप झालं होतं
आणि पुन्हा करून घ्यायला पैसे नव्हते.
परीक्षकांच्या लक्षात येईल म्हणून घाबरले होते.
नाही आलं. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

चहा झाला. कपाला कान नव्हता,
बाईंनी तो स्वतःकडे घेतला.
नाव कुठलं देऊ, विचारलं.
बराच वेळ खिडकीबाहेरच्या वाळत घातलेल्या
शेजाऱ्यांच्या चादरीकडे बघत राहिल्या.
इंदुमती म्हणून हाक मारणारं आता कोणी नाही.
छापून तर बघ एकदा, कसं दिसतं.

तसं दिलं:
राऊळ, इंदुमती ज. (१९७१).
मासळी मोजण्याची भाषा.
अप्रकाशित पीएच. डी. प्रबंध, मुंबई विद्यापीठ. पृ. १४३.
आणि तिच्या खाली
कुठल्याच नियमात न बसणारी एक ओळ:
कोडी वीस. वर एक.

मार्गदर्शकांनी तिच्याभोवती लाल गोल काढलाय.
समासात लिहिलंय: स्रोत?